नकाशेवाल्या कॉर्निफरभाऊंस खुले पत्र

श्री. कॉर्निफरभाऊ,
नकाशे काढणे व विकणे,
मु. पो. डर्टमाउथ, हॅलोनेस्ट राज्य.



पत्रास कारण की, 'हॉलो नाइट' या गेममधल्या डीपनेस्टमध्ये माझे सगळे जिओ, म्हणजे तिथले पैसे, गेले. कंदिलासाठी साठवत होतो. तुमच्या गावच्या स्लायशेठने त्या कंदिलाचे १८०० जिओ लावलेत, एक कमी नाही की जास्त नाही. ते जमवत फिरताना फंगल वेस्ट्सच्या तळाशी पायाखालची जमीन खचली आणि मी थेट डीपनेस्टात. मिट्ट काळोख, भिंतींतून काहीतरी सरपटतंय, आणि नकाशा कोरा. व्हायचं ते झालं. या गेमचा कायदा असा, की मेलात तर पैसे मेल्या जागी राहतात आणि तुमचीच काळी सावली ते राखत बसते. तिला गाठण्याआधी पुन्हा मेलात तर सगळं बुडालं. ती सावली नेमकी कुठे बसलीय, हे नकाशावर दिसतं. तो विकत घेतला असेल तर.

मेल्यावर ज्या बाकावर जिवंत होतो, तिथून उठून परत खाली आलो. तुमची गुणगुण कानावर आली, जमिनीवर विखुरलेले कागद दिसले, जीव भांड्यात पडला. तुम्ही तर भीतीने भावसुद्धा उतरवला होता. पण पैसे शोधायला नकाशा हवा, नकाशा घ्यायला पैसे हवेत, आणि माझ्याकडे फुटकी कवडी नव्हती! काऊन बाप्पा, हा धंदा म्हणायचा की सावकारी?

आम्ही बुलढाण्याकडची माणसं. घाटावरून घाटाखाली उतरताना कुठे चुकलो, तर फाट्यावरचा माणूस हातातला चहा ठेवून रस्ता सांगायला उठतो. निम्म्या वेळा तो चुकीचा सांगतो हे मान्य, पण आधी पैसे टेका म्हणत नाही.

हरवण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट ऐका. हरवायलाच तर आलो होतो. सिटी ऑफ टिअर्समध्ये जमिनीच्या पोटात असूनही सतत पाऊस पडतो. मग कधीतरी वर भटकताना ब्लू लेकच्या काठाशी पोचावं आणि कळावं की तो पाऊस इथून झिरपतोय. तिथे कुठला बाण नेत नाही, कुठली चमकणारी खूण नाही. ज्या कड्याखालून हात चोळत परतलो, तिथेच पुढे मँटिस क्लॉ हाती लागल्यावर भिंत धरून सरसर चढून जाणं, यासारखं सुख दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला मिळालेलं नाही. आमच्या लोणारची गोष्टही याच जातीची आहे. लोणासुर जमिनीखाली झाकण लावून बसलेला. ते झाकण सगळ्यांना दिसत होतं, पण उडवायला दैत्यसूदन विष्णूच्या पायाचा अंगठाच लागला. आधी अंगठा कमवायचा, मग झाकण. हा गेम बनवणाऱ्या अॅडलेडच्या मोजक्या माणसांनी २०१७ साली हे तंत्र इतकं देखणं जमवलं, की सोल मास्टर या शत्रूपर्यंतची तीच ती पायपीटही मी मुकाट्याने सोसली. प्रवाशांना वाहून नेणाऱ्या स्टॅगची बहुतेक स्थानकं पैसे भरून उघडावी लागतात, तेही सोसलं. खामगाव-जालना रेल्वेची वाट इंग्रजांच्या काळापासून पाहणाऱ्या जिल्ह्याला पैसे भरून का होईना, गाडी येते याचंच अप्रूप.

पण कंपास! नकाशा घेतला तरी त्यावर मी कुठे उभा आहे ते दिसत नाही. त्यासाठी तुमच्या पत्नी इसेल्डावहिनींच्या दुकानातून २२० जिओंचा कंपास घ्यायचा. नव्या वाटा नकाशावर उमटाव्यात म्हणून १२० जिओंची लेखणी वेगळी, आणि त्याही बाकावर बसल्याशिवाय उमटणार नाहीत. बरं, कंपास नुसता खिशात असून चालत नाही. चार्म, म्हणजे ताकद देणारे ताईत, लावायच्या खाचांपैकी एक तो अडवून बसतो. सुरुवातीला खाचा असतात तीन! म्हणजे लढायचं बळ कमी करा, तेव्हा तुम्ही कुठे आहात ते सांगू. अरे, आपण कुठे उभे आहोत हे कळणं ही काय शक्ती आहे? १९९४ सालचं 'सुपर मेट्रॉइड' घ्या. त्यात तुमची खोली नकाशावर आपोआप लुकलुकते आणि नकाशाची केंद्रं फुकट. म्हणून त्या गेममधलं गूढ आटलं का? उंच दार पाहून 'इथे नंतर यायचं' असं वाटायला कंपास काढून घ्यावा लागत नाही. अंधाराची भीती घाला, खुशाल घाला. तिची पावती कशाला फाडता?

आता तुमच्यावर किती ओरडायचं, हाही प्रश्नच आहे. डीपनेस्टच्या त्या बिळात तुम्ही माझ्याआधी पोचलात. हातात शस्त्र नाही, फक्त कागद. नकाशा अर्धाच आहे हे ऐकून मी दात-ओठ खाल्ले. पण तिथवर जाऊन परत यायलाच तुमची केवढी छाती लागली असेल! तिकडे इसेल्डावहिनी दुकानात एकट्या, नवरा आज कुठल्या खड्ड्यात आहे याचा पत्ता नाही. त्यांच्या दुकानात कंपास आहे, पण तुम्ही कुठे आहात हे तो दाखवत नाही. दर ठरवणारा कुणी तिसराच असावा.

आणि तो सुधारलेला नाही. ४ सप्टेंबर २०२५ला पुढचा भाग, 'सिल्कसाँग', आला. तुमच्या जागी शाक्रा आली; ती लढवय्यी आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. पण नकाशे तिथेही विकतच, कंपासासाठी जागा तिथेही द्यायचीच, आणि काही ठिकाणी तर दमून बाकावर टेकायलासुद्धा पैसे मोजायचे. तेव्हा भाऊ, एवढी एकच मागणी: डीपनेस्टचा नकाशा उधार द्या. वहीत लिहून ठेवा, गावाचं नाव बुलढाणा. सावली सापडली की व्याजासकट चुकता करतो. नाही सापडली, तर वसुलीला घाट चढून यावं लागेल. रस्ता फाट्यावर विचारा.

आपला,
एक गिऱ्हाईक