सशुल्क वेगोपासक

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात जी दाट लोकवस्ती आहे, तिच्यातील क्रिकेटप्रेमींची गणना करण्याचे कारण नाही, कारण क्रिकेटप्रेमी नसलेला माणूसच तेथे शोधून काढावा लागतो. मात्र याच वस्तीत, बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहणारा आणि बहुधा विवाहित असा एक अल्पसंख्य पुरुष आढळतो, ज्याचा अभ्यास आजवर उपेक्षित राहिला आहे. सोयीसाठी त्याला वेगोपासक म्हणता येईल. फॉर्म्युला वन, म्हणजे एकासनी, उघड्या चाकांच्या आणि एकाच नियमसंचाने बांधलेल्या मोटारींची जागतिक शर्यतमालिका, हे त्याचे आराध्य असून या मोटारी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात ही माहिती तो कोणी विचारली नसतानाही देतो. त्याचे स्वतःचे वाहन दुचाकी असते. त्या दुचाकीचा मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला आहे याकडे पत्नीने लक्ष वेधले, तर कोरड्या रस्त्यावर शर्यतीच्या मोटारींनाही खाचा नसलेलेच टायर लावतात, त्यांना स्लिक म्हणतात आणि त्यांची पकड अधिक असते, असा खुलासा त्याच्याकडे तयार असतो. पावसाळ्यात हा खुलासा का लागू पडत नाही, हे मात्र त्याला कल्याण-बदलापूर रस्त्यावर एकदा तरी आडवे होऊनच कळलेले असते.

त्याची विद्वत्ता खोटी नसते, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. पात्रता फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवणाऱ्याला शर्यतीच्या आरंभी मिळणारी अग्रस्थानाची जागा म्हणजे पोल पोझिशन, शर्यत चालू असताना टायर बदलण्यासाठी घेतलेला दोन-तीन सेकंदांचा थांबा म्हणजे पिट स्टॉप, हे तो कोणालाही समजावून देऊ शकतो. पण त्याची खरी प्रतिभा दिसते ती अंडरकट समजावताना. प्रतिस्पर्ध्याच्या एक-दोन फेऱ्या आधीच थांबा घ्यावा, तात्पुरते मागे पडावे, नव्या टायरच्या जोरावर वेग वाढवावा आणि प्रतिस्पर्धी थांबला की त्याच्या पुढे निघून जावे, असा हा डाव आहे. अंबरनाथचा चाकरमानी सकाळी मुंबईला जाण्यासाठी आधी उलट दिशेने बदलापूरला जातो, तीच गाडी परत फिरणार असल्यामुळे मिळवलेली जागा सोडत नाही आणि फलाटावर ताटकळलेल्या बदलापूरकरांच्या नाकावर टिच्चून खिडकीशी बसून येतो, तो अंडरकटच होय, असे वेगोपासक सांगतो. श्रोता अंबरनाथचा असल्यास त्याला ते चटकन पटते. बदलापूरचा असल्यास विषय फॉर्म्युला वनवरून अशा उलट जाऊन येणाऱ्या 'रिटर्न' प्रवाशांवर जातो आणि मग शर्यतीकडे परतण्याची शक्यता उरत नाही.

या उपासनेचा पूर्वकाळ म्हणजे केबलचे सुवर्णयुग. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स या वाहिन्यांवर शर्यती दिसू लागल्या तेव्हा केबलची तार एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर जात असे, महिनाअखेरीस पावतीपुस्तक घेऊन एक पोरगा दारात उभा राही आणि एकाच रकमेत आईचे भजन-कीर्तन, वडिलांच्या बातम्या, पत्नीच्या मालिका व मुलांची कार्टून येत असल्यामुळे त्याच रकमेत शर्यतपटू मायकेल शूमाखरही आलेला आहे, ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नसे. वेगोपासकाच्या आर्थिक इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. त्या काळात शर्यत फुकट होती असे तो आज म्हणतो, ते खरे नाही. ती घरखर्चात लपलेली होती, आणि लपलेल्या खर्चाचे समर्थन करावे लागत नाही.

मराठी घरात या खेळाचा प्रवेशही खर्चाच्याच दाराने झाला, हा योगायोग मानावा लागेल. सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची सचिन तेंडुलकर यांनी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फेरारी संघाचे चालक शूमाखर यांच्या हस्ते त्यांना फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट मिळाली आणि तिच्यावरील आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला, तेव्हा फेरारी हे नाव जिथे कधी पोहोचले नसते अशा स्वयंपाकघरांतही पोहोचले. पुढे २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत चौथा आला. टायरांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून बहुतेक संघांनी माघार घेतल्यामुळे त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच मोटारी धावल्या होत्या, ही माहिती वेगोपासक 'चौथा आला' हे सांगून झाल्यावर पुरेसा वेळ जाऊ देऊन मग देतो.

सुवर्णयुगाला ग्रहण लागले ते १ फेब्रुवारी २०१९ रोजी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नव्या दररचनेनुसार शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये व त्यावर कर अशी मूळ आकारणी ठरली आणि सशुल्क वाहिन्या ग्राहकाने एकेक निवडून अथवा बुके नावाच्या गठ्ठ्यांत घ्याव्यात असे ठरले. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळावे हा हेतू चांगला होता. परंतु ज्याचे सुख कोणी निवड करत नाही यावरच अवलंबून होते, त्याचा विचार नियामकाने केलेला दिसत नाही. केबलवाल्याने दिलेला छापील तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला गेला, प्रत्येक वाहिनीपुढे तिची किंमत लिहिलेली होती, आणि त्या तक्त्यात स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट नावाची ओळ सर्वांच्या एकदमच नजरेस आली. "हे काय असतं?" या तीन शब्दांच्या प्रश्नाला वेगोपासकाने दिलेले उत्तर वीस मिनिटे चालले आणि त्याच्या अखेरीस "कोण जिंकलं ते सोमवारी पेपरात येतंच की," असा निकाल लागला. या निकालावर अपील करण्यासाठी तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील केबलवाल्याकडे गेला, तेव्हा तेथील संवाद थोडक्यात आटोपला.

"दादा, तो चॅनेल चालू करून दे ना."

"साहेब, अख्ख्या कॅम्प चारमध्ये तो चॅनेल मागणारे तुम्ही एकटे. क्रिकेटचा पॅक देऊ?"

तरीही २०२२ पर्यंत शर्यत निदान दूरचित्रवाणी संचावर होती. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीच्या शेवटच्या फेरीत मॅक्स वेरस्टॅपेनने लुईस हॅमिल्टनला मागे टाकून विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा घरातली मंडळीही दोन मिनिटे उभी राहून बघत होती, आणि आपली बाजू आता कायमची सिद्ध झाली असे त्याला वाटले. २०२३ च्या मोसमात भारतात शर्यत दाखवणारी वाहिनीच उरली नाही. फॉर्म्युला वनची स्वतःची सशुल्क इंटरनेट सेवा हा एकमेव अधिकृत मार्ग राहिला, २०२४ पासून फॅनकोड या भारतीय ॲपकडे हक्क आले, आणि शर्यत दिवाणखान्यातल्या भिंतीवरून उतरून हातातल्या मोबाइलमध्ये गेली. नियतीचा विनोद असा की, ज्या २०२३ साली त्याने आयुष्यात प्रथमच केवळ शर्यतीसाठी वेगळे पैसे मोजले, त्या वर्षीच्या २२ शर्यतींपैकी १९ एकट्या वेरस्टॅपेनने जिंकल्या. कोण जिंकणार हे त्या वर्षी सोमवारच्या पेपराची वाट न पाहता शनिवारीच सांगता आले असते, आणि पत्नीने ते सांगितलेही.

या वेगळ्या खर्चावरील वेगोपासकाच्या प्रतिक्रियेचा पहिला आविष्कार राष्ट्रीय स्वरूपाचा असतो. दूरदर्शनने शर्यती मोफत दाखवल्या पाहिजेत, असे तो डब्यात उभ्याने सांगतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला उपलब्ध करून द्यावे असा २००७ चा कायदा आहे, हे त्याला ठाऊक असते. मोटारशर्यती त्या यादीत बसत नाहीत, हे त्याला ठाऊक करून घ्यायचे नसते. मुळात हा खेळ आहे की नाही याबद्दलच शासनदरबारी एकेकाळी शंका होती. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००९ मध्ये ही क्रीडा नसून करमणूक आहे अशी भूमिका घेत आयोजकांना परदेशी पैसे पाठवण्यास संमती नाकारली होती. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटलने जिंकल्या, आणि करमणूक कराचा वाद मागे ठेवून ती जत्रा उठली. क्रीडा नव्हे म्हणून मान्यता नाही आणि करमणूक म्हणून कर मात्र द्या, या कोंडीबद्दल वेगोपासक जे बोलतो त्यात तथ्य आहे, फक्त ते ऐकणाऱ्याचे स्टेशन तोवर आलेले असते.

दुसरा आविष्कार आंतरराष्ट्रीय. ब्रिटनमध्ये बीबीसीवर मोफत दिसणाऱ्या शर्यती २०१२ पासून स्काय या सशुल्क वाहिनीशी वाटून घेतल्या गेल्या आणि २०१९ पासून, ब्रिटिश ग्रां प्री या शर्यतीचा अपवाद सोडल्यास, थेट प्रक्षेपण पूर्णपणे स्कायकडे गेले, हे उदाहरण देऊन तो स्वतःचे सांत्वन करतो. साहेबावर ओढवलेले संकट आपल्यावर ओढवले, यात प्रतिष्ठेचा अंश असतोच.

तिसरा आविष्कार सहकारी तत्त्वावरचा असून तो अधिक तपशिलाने पाहण्यासारखा आहे. पैसे भरणार नाही अशी शपथ घेतलेले चौघेजण, उल्हासनगरचा एक, अंबरनाथचे दोन आणि बदलापूरच्या कात्रपचा एक, मिळून एकच वर्गणी भरतात आणि याला बहिष्कार असे म्हणतात. खाते कात्रपच्या सभासदाच्या क्रमांकावर असल्यामुळे ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा, त्याच्याच मोबाइलवर येतो. युरोपातील बहुतेक शर्यती भारतीय वेळेनुसार रविवारी सायंकाळी साडेसहाला सुरू होतात, आणि लग्नसराईत कात्रपचा सभासद नेमका त्याच वेळी एखाद्या सभागृहात आहेराच्या रांगेत, मोबाइल पत्नीच्या पर्समध्ये ठेवून उभा असतो. सहा पंचवीसपासून त्याला फोन सुरू होतात. सहा चाळीसला तो उचलतो. डीजेच्या आवाजात सांगितलेल्या आकड्यांतील 'सात' हा 'आठ' ऐकू येतो, आणि चुकीचा आकडा पुनःपुन्हा टाकल्यामुळे खाते काही काळ बंद पडते. पहिल्याच वळणावर कोण कोणाला धडकला, हे उरलेल्या तिघांना दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर कळते. सर्व काही सुरळीत झालेच तर लॅग, म्हणजे प्रत्यक्ष घटना आणि पडद्यावरचे चित्र यांतील विलंब, आडवा येतो. हा विलंब प्रत्येकाच्या नेटनुसार निराळा असल्यामुळे अंबरनाथमध्ये मोटार अजून वळणावर असते, तेव्हा उल्हासनगरहून व्हॉट्सॲपवर "गेला!!" असा संदेश आलेला असतो. कोण गेला, हे मात्र लिहिलेले नसते.

औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या वेगोपासकाची स्थिती आणखी विलक्षण आहे. अंबरनाथ-बदलापूरकडच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, आणि फॉर्म्युला वनमध्ये शुक्रवार हा सरावाचा दिवस होय. परिणामी सराव तो घरी पाय पसरून, एकही फेरी न चुकवता बघतो आणि शर्यत रविवारी दुसऱ्या पाळीत, यंत्राच्या आडोशाला मोबाइल उभा करून, सुपरवायझरच्या चपलांच्या आवाजावर कान ठेवून बघतो. सरावाविषयी इतके सखोल आणि निकालाविषयी इतके त्रोटक ज्ञान असलेला प्रेक्षक जगात अन्यत्र असेल असे वाटत नाही.

याच परिसरातील खेड्यांत राहणाऱ्या त्याच्या मामांना यांपैकी कोणतीही अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यती पुन्हा भरू लागल्या. मामा बांधावर उभे राहून त्या बघतात आणि जाता आले नाही तर यूट्यूबवर फुकट बघतात. "तुझ्या गाड्यांना तिकीट कशाला लागतं रे? बैलबी नाही त्याला," हा मामांचा प्रश्न वेगोपासकाने आजवर अनुत्तरित ठेवला आहे.

नेटफ्लिक्सवर २०१९ पासून आलेल्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' या मालिकेमुळे तयार झालेली पुतण्या-भाचींची नवी पिढी या दुःखापासून मुक्त आहे, कारण प्रत्येक गोष्टीला महिन्याची वर्गणी असते हे तिने जन्मतःच स्वीकारले आहे. शूमाखर म्हणजे मिक या चालकाचा बाप, अशी तिची समजूत असते, आणि ती चुकीची नसल्यामुळे काकांना खोडताही येत नाही.

एवढ्या अभ्यासानंतर एक निष्कर्ष ठामपणे मांडता येतो. वेगोपासकाचे भांडण रकमेशी नाही. तेवढे पैसे तो स्टेशनबाहेरच्या वडापाववर हिशेब न ठेवता घालवतो. त्याचे भांडण आहे ते त्या रकमेला स्वतंत्र ओळ मिळाली याच्याशी, कारण ओळ आली की तिच्यापुढे "हे काय असतं?" हा प्रश्न येतो. म्हणूनच मार्चमध्ये नवा मोसम तोंडावर आला की शपथा, बहिष्कार आणि दूरदर्शनची मागणी यथासांग पार पाडून तो शेवटच्या दिवशी गुपचूप वर्गणी भरतो, आणि घरच्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम 'मोबाइल रिचार्ज' या सदराखाली लिहितो.