जागल्याला निजवताना

जुन्नर-आंबेगावात खोकल्याला पूर्वापार मान आहे. सोप्यात सासरे खाकरले की चुलीपाशी पदर आपसूक सावरला जाई. पोरांना त्यावरून त्यांच्या रागाचा अंदाजही येई. रात्रीची लाईट आली की उसाला दारं धरायला निघालेला म्हातारा अजूनही बांधावर मुद्दाम खोकतो. बिबट्याला कळावं, माणूस येतोय. वनखातंही सांगतं, आवाज करत जा, मोबाईलवर गाणी लावा. म्हाताऱ्याच्या खोकल्याला चार्जिंग लागत नाही, एवढाच फरक. बिबट्याची हाकही करवत चालवल्यासारखी, खरखरीत ढास लागल्यासारखी असते. अंधारात दोघंही बहुधा एकमेकांची प्रकृती विचारत असावेत.

खोकला म्हणजे छातीचा जागल्या. त्याला निजवायचं औषध द्यायचं तर आत कोण आहे ते आधी पाहावं लागतं. कफ सुटत असेल तर तो बाहेर जाऊ द्यावा. कोरडी ढास मात्र रात्रभर डोळा लागू देत नाही, तेव्हा डॉक्टर डेक्स्ट्रोमेथॉर्फन देतात. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रालाच थोपटतं. कोडीन त्याहून जुनं, थेट अफूच्या घरातलं. रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने ते १८३२ साली वेगळं केलं. त्याच घराण्यातलं हेरॉइन १८९८ पासून बायर कंपनी खोकल्यावर विकत होती! हसू येतं, पण ते ओठांवर फार टिकत नाही. कोडीनची बाटली नशेसाठी रिचवणारी पोरं आजही आहेत. आधी सवय जडते, आणि मात्रा वाढली की खोकल्यापाठोपाठ श्वासही मंदावतो. म्हणूनच कोडीन आपल्याकडे एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकलं की दुकानदाराने नोंद ठेवायची.

आमच्या आजीकडे चिठ्ठी नव्हती, हिरडा होता. आहुपे-भीमाशंकरच्या रानात महादेव कोळी माणसं गोळा करतात तोच. तुकडा गालात धरला की तोंड असं तुरट होई की बोलणंच बंद. खोकला थांबे की नाही, आठवत नाही. घर मात्र शांत होई. आजीला नेमकं काय दाबायचं होतं, हा संशय मला अजून आहे.

तिच्या औषधाने निदान कुणाचा जीव गेला नाही. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सर्दी-खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने बजावलं, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. तेव्हा घरात तान्हं खोकत असेल तर कपाटातली जुनी बाटली राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि घरगुती उपाय म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका.