खाऱ्या पाण्याच्या सौदागरास अनावृत पत्र

रा. रा. दुकानदारसाहेब यांस,


जिला अरबी समुद्र फुकट लाभलेला आहे अशा या मुंबापुरीत तोच समुद्र काचेच्या पेटीत भरून रोकडीने विकण्याचे जे कसब आपण संपादन केले आहे, त्याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हावा असे माझ्या मनात फार दिवस होते. परंतु गेल्या सोमवारी पहाटे माझ्या दिवाणखान्यात जे पाहावे लागले त्यानंतर हारतुऱ्यांच्या खर्चास मंजुरी देणे मला जमत नाही, सबब केवळ पत्रावर भागवितो.

खरेदीच्या दिवशी टाकी, वाळू, दिवा, मीठ आणि क्लाउनफिशची जोडी आपण एकाच पावतीवर दिलीत. लिटरला ३५ ग्रॅम मीठ आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५, एवढे गणित आपण मोठ्या तत्परतेने शिकविलेत. मात्र माशांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नांदू लागण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्या पाण्यात मासा सोडणे म्हणजे त्यास विषात कोंडणे होय, ही गोष्ट आपल्या, आपल्या चिरंजीवांच्या किंवा गल्ल्यावरील गृहस्थांच्या मुखातून चुकूनही बाहेर पडली नाही. “काही होत नाही साहेब, आजच सोडा,” एवढाच आपला अभिप्राय.

पुढे वाळूवर तपकिरी धूळ बसली. हे डायाटम; नळाच्या पाण्यातील व नव्या वाळूतील सिलिकेटवर ते पोसले जातात आणि तो साठा सरला की बहुधा आपण होऊन काढता पाय घेतात. आपण त्यांच्यावर गोगलगायी विकल्यात. मग काचेवर हिरवे केस उगवले, तेव्हा आपण सर्जन मासा विकलात, ज्यास मोकळे पोहण्यास माझ्या टाकीच्या दुप्पट लांबीही अपुरी पडावी. त्या बिचाऱ्याने शेवाळ इमानाने खाल्ले आणि खाल्लेले मलरूपाने त्याच पाण्यात जमा केले, त्या खतावर नवे शेवाळ तरारले, म्हणजे जमाखर्च शून्य आणि नफा तेवढा आपला. दिवा बारा तास जाळण्याचा सल्लाही आपलाच. आठ तास पुरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या प्रवाळांस वाघाच्या पंक्तीस बसविले आहे, त्यांचा तुकडा ‘शोभेचा दगड’ म्हणून माझ्या गळ्यात मारू पाहिलात, त्याविषयी आज लिहीत नाही.

लिहावयाचे आहे ते लाल थराविषयी. वाळूवर किरमिजी मखमल पसरावी, तिच्याखाली प्राणवायूचे बुडबुडे अडकून राहावेत आणि नळी लावून ओढताच ती अखंड सालीसारखी निघून यावी, असे त्याचे रूप. हे मुळी शेवाळच नव्हे, हे सायनोबॅक्टेरिया होत. दोनशे कोटी वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या वंशाने या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला त्यांचे हे वारस. त्यांना हटविण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे: थर ओढून काढणे, माशांना बेताने खाणे घालणे, नळाऐवजी आरओचे पाणी वापरणे आणि वाट पाहणे. यांपैकी काहीच आपल्या फळीवर विक्रीस नसल्यामुळे आपण मोठ्या बरणीतले द्रव्य एका लहान बाटलीत ओतलेत, कोऱ्या चिठ्ठीवर बॉलपेनने ‘लाल शेवाळ, एक झाकण’ असे लिहिलेत, आणि आत काय आहे या माझ्या प्रश्नास “औषध” असे उत्तर दिलेत.

औषध खरेच गुणकारी निघाले. रात्रीत तो थर मेला, मेलेला थर कुजू लागला, आणि कुजण्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. पहाटे सर्जन मासा तळाशी आडवा होता. क्लाउनफिशचा नर पृष्ठभागाशी तोंड लावून कल्ले भराभर उघडमीट करीत होता आणि त्याची मादी, जोडीतली ती थोराड, फिल्टरच्या जाळीला चिकटून होती. औषध घालताना हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा, एवढे एक वाक्य लिहिण्यास त्या चिठ्ठीवर जागा नव्हती काय? थोड्या वेळाने नरही गेला. साहेब, यास व्यापार म्हणत नाहीत. मुक्या जिवांची ही हत्या आहे, आणि ती आपण माझ्या हातून करविलीत.

त्याच दिवशी भांडणाच्या तयारीनेच मी दुकान उघडण्यापूर्वी आलो होतो. शटर अर्धे वर होते. पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून आपण स्वतःच्या टाक्यांची काच घासत होता. बादलीतले पाणी हिरवे झाले होते आणि मिठाने आपली बोटे फाटलेली होती. इतक्यात मुलाला घेऊन एक गृहस्थ आले. “महिनाभर टाकी तयार होऊ द्या, मग मासे न्या,” असे आपण त्यांस म्हणालात, हे मी या कानांनी ऐकले. आणि ते गृहस्थ तडक शेजारच्या दुकानात शिरले. आपण घासणी खाली ठेवून त्यांना परत बोलाविलेत. जागेचे भाडे, चिलरचे विजेचे बिल आणि रोज पहाटे जाळीने काढावे लागणारे मेलेले मासे यांचा हिशेब ज्याच्या डोक्यावर आहे त्याने दुसरे काय करावे, हे मला सांगता येईना; मी न भांडता परतलो.

तथापि बाटलीचा प्रश्न त्याने मिटत नाही. माझी रक्कम आपणापाशीच असू द्यावी. केवळ त्या मोठ्या बरणीवरील छापील वेष्टन, ते आपण फाडून टाकले नसेल तर, पत्र घेऊन येणाऱ्या इसमापाशी द्यावे. मी काय ओतले, ते मला वाचावयाचे आहे.

कळावे.
आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. गोगलगायी तेवढ्या वाचल्या. काचेवर हिरवे पुन्हा धरू लागले आहे, तेव्हा त्यांच्या उदरनिर्वाहाची काळजी नसावी.