गिऱ्हाईक-विसर्जन विधी (सीमाभागासाठी सुधारित आवृत्ती)

प्रस्तुत मार्गदर्शिका निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात जीएसटीची विवरणपत्रे भरणे, हिशेब लिहिणे, नोटिशींना उत्तरे देणे इत्यादी कामे करून पोट भरणाऱ्या आणि ज्यांना गावात सरसकट ‘वकीलसाहेब’ म्हटले जाते अशा व्यावसायिकांसाठी आहे. फ्लेक्सवाले, मंडपवाले, फोटोवाले आणि उद्यमबागेत जॉबवर्क करणारे कारखानदार यांनीही ती वाचण्यास हरकत नाही. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिकांनी मात्र वाचू नये. त्यांच्याकडे गिऱ्हाईक सोडायचे म्हणजे एक ईमेल पाठवायचा असतो आणि त्यानंतर ते गिऱ्हाईक कधी दिसत नाही. आपल्याकडे ते संध्याकाळी भाजी घेताना दिसते.

सोडण्यायोग्य गिऱ्हाईक ओळखणे

सोडण्यायोग्य गिऱ्हाईक महिन्याच्या 20 तारखेला संध्याकाळी येते. जीएसटीआर-1 ची मुदत 11 ला संपलेली असते आणि 3-बी ची त्याच रात्री संपणार असते. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागते, आणि ते शुल्क आपल्यामुळे लागले असे तो गावभर सांगणार, हेही ठरलेले असते. त्याच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी असते. ती तो टेबलावर उपडी करतो आणि म्हणतो, ‘‘सगळं हाय बघा ह्यात.’’

सगळे खरेच असते. पेट्रोल पंपाच्या, पार कोऱ्या पडलेल्या पावत्या. उसाच्या वजनाची चिठ्ठी. तंबाखूच्या बोदांची खरेदी सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेली, कुणाकडून घेतली ते नाव नाही, फक्त ‘अक्कोळचे काका’. बेळगावहून आणलेल्या कुंद्याचे बिल, ज्यावर त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट हवे असते, कारण तो कुंदा ‘पार्टीला दिला’. मुलीचे दहावीचे गुणपत्रक. ते आपण परत द्यायला लागलो की म्हणतो, ‘‘असू दे की, तुमच्याकडं जपून ऱ्हाईल.’’ शेतकऱ्याकडून तंबाखूचे पान घेतले की त्यावरचा कर खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो, हे त्याला दर महिन्याला नव्याने सांगावे लागते आणि दर महिन्याला तो तितक्याच निरागसपणे दचकतो. फीचा विषय काढला की उठतो.

‘‘देतो की वो, कुठं पळून जातोय?’’

हे त्याचे बोलणे शब्दशः खरे आहे. तो कुठेही पळून जात नाही. अडचण तीच आहे.

नातेतपासणी

गिऱ्हाईक सोडण्याआधी त्याचे गोत्र, आजोळ, सासर आणि गल्ली तपासावी. हे काम नवशिक्यांनी एकट्याने करू नये, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सोबत घ्यावे. तपासात बहुधा असे निघते की त्याची मावशी आपल्या चुलत्याच्या शेजारी दिली आहे, त्याचा मेहुणा आपल्या ऑफिसचा मालक आहे, आणि गणेश मंडळाच्या वर्गणीचे पुस्तक यंदा त्याच्याच हातात आहे. काहीच नाते निघाले नाही तर पुन्हा तपासावे. नाते नसते असे होत नाही.

मुहूर्त

दिवाळीआधी सोडू नये, वहीपूजनाच्या तोंडावर कुणाच्या वह्या परत करणे अशुभ. पितृपक्षात सोडू नये. मार्चअखेर सोडणे अमानुष. निपाणीच्या उरुसात कुणी भेटत नाही. अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक होईपर्यंत तो कुठलाच निर्णय ऐकून घेत नाही, आणि भाकणुकीत पाऊसपाणी, पीकपाणी, राजकारण सगळे येते, आपली फी येत नाही. 1 नोव्हेंबरला तर विषयच काढू नये. एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्यावर काळ्या दिनाची फेरी, आणि आपले गिऱ्हाईक दोन्हीकडे माल पुरवून आलेले. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असते. त्याचा गिऱ्हाइकाशी काडीचा संबंध नसतो, पण ‘‘अधिवेशन चालू हाय, जरा दम काढा’’ हे कारण बेळगावात कशालाही चालते.

उरतात ते दिवस महिन्याच्या 21 पासून 30 पर्यंतचे. तांत्रिकदृष्ट्याही तेच योग्य. मागचे विवरणपत्र भरून झालेले असते, पुढच्याची मुदत आलेली नसते, आणि नव्या माणसाला कागद समजून घ्यायला थोडे दिवस मिळतात. मध्येच सोडले आणि विवरणपत्र राहिले, तर भुर्दंड त्याला आणि बट्टा आपल्याला.

फी वाढवून घालवणे: एक प्रचलित गैरसमज

अनेक ज्येष्ठ सांगतात, ‘‘सोडायचं कशाला? फी दुप्पट कर. आपोआप जाईल.’’ हा उपाय पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो. न देणाऱ्याला जुनी फी दिलेली नसल्यामुळे नवी जड वाटत नाही. तो उदारपणे म्हणतो, ‘‘घ्या की साहेब, महागाई हाय.’’ चार लोकांत अभिमानाने सांगतो, की आपला वकील महागातला आहे. थकबाकी तेवढी दुप्पट वेगाने वाढू लागते.

दुसरा उपाय कायद्याचा धाक. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. चुकले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. पुढे आयकर कायद्यात 43-बी (एच) आले, म्हणजे मुदतीत न दिलेले पैसे ते देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. यातली गंमत अशी की हे दोन्ही नियम गिऱ्हाइकाला आपणच समजावून सांगितलेले असतात. त्याने ते कागदावर लिहून घेतलेले असतात, आणि त्या जोरावर हुबळीच्या पार्टीकडून आपले पैसे वसूलही केलेले असतात. आपण नियम दाखवला की तो कौतुकाने म्हणतो, ‘‘तुमच्यामुळंच कळालं बघा हे.’’

पत्र

तोंडी सोडलेले गिऱ्हाईक सुटत नाही. पत्रच हवे. आता भाषा. मराठीत लिहिले तर तो ते रुसव्याचे पत्र समजतो आणि समजूत काढायला दोन पाहुणे घेऊन येतो. कानडीत लिहिले तर सरकारी नोटीस समजून न उघडताच आपल्याकडेच आणून देतो. इंग्रजीत लिहिले तर बँकेचे समजून मुलाला वाचायला सांगतो, आणि मुलगा ‘काय नाही, जाहिरात आहे’ म्हणतो. आमची शिफारस मराठीची. पाहुणे येतील तेव्हा चहा पाजावा. पत्त्याबाबत एवढेच, की 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांत बेळगावचे बेळगावी झाले आहे. त्याच्या नोंदणीत जे असेल तेच लिहावे. गिऱ्हाईक सोडण्याच्या पत्रात सीमाप्रश्न सोडवू नये. नमुना असा:

‘स. न. वि. वि. आपल्या व्यवसायाचे कर-विषयक काम आम्ही चालू महिन्याच्या विवरणपत्रापर्यंत पूर्ण केले आहे. यापुढील काम आमच्याकडून होणार नाही. पुढील विवरणपत्राची मुदत सोबत लिहून दिली आहे. ती पाळण्याची जबाबदारी आपली व आपण नेमाल त्या सल्लागाराची राहील. आपले सर्व कागद यादीप्रमाणे परत करीत आहोत, पोच द्यावी. आजअखेरच्या येण्याचा हिशेब जोडला आहे. लोभ आहेच.’

कारण लिहू नये. कारण लिहिले की त्यावर चर्चा होते. ‘लोभ आहेच’ मात्र काढू नये, त्याच्या आईला ते वाचून दाखवले जाते.

अखेरचे बिल

इथे निपाणीकरांना एक जादा काम असते. देवचंद कॉलेज निपाणीचे म्हणून सगळीकडे ओळखले जाते, पण ते आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरे चालत महाराष्ट्रात जाऊन तास करतात आणि चहाला कर्नाटकात येतात. तिथल्या गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो, आपला 29 ने. म्हणून निपाणीतल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा कर, आणि रस्त्यापलीकडच्या बिलावर 18 टक्के आयजीएसटी. एकूण तेवढाच. पण पलीकडचे गिऱ्हाईक ते तीन शब्द वाचून तासभर वाद घालते. ‘‘इथनं तुमचं ऑफिस दिसतंय की! आंतरराज्य कसलं?’’ त्याच्या या प्रश्नाला भल्याभल्यांकडे उत्तर नाही. आपणही देऊ नये.

अखेरचा हिशेब दोघांनाही मान्य असला पाहिजे, हा आणखी एक मुद्दा, आणि याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेचा हिशेब करण्यासाठी 1966 साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांना नेमले. 1967 साली त्यांनी निपाणी महाराष्ट्राच्या नावे आणि बेळगाव म्हैसूर राज्याच्या नावे घालून ताळेबंद दिला. म्हैसूरने तो मान्य केला, महाराष्ट्राने नाही. 2004 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका बाजूचीच सही असलेला हिशेब किती टिकतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी निपाणीच्या बसस्टँडवर उभे राहून कुठल्याही पाटीकडे पाहावे.

न्यायालयाची मुदत आपल्याला एवढी मोठी मिळत नाही. थकलेल्या फीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. त्याने मुदतीच्या आत लेखी आणि सही करून देणे कबूल केले तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. ‘देतो की’ तोंडी असते. म्हणून हिशेबाच्या प्रतीवर ‘मान्य’ एवढा एक शब्द आणि सही घ्यावी. पैसे मागू नयेत, सही मागावी. पैसे मागितले की तो उठतो, सही मागितली की त्याला मान दिल्यासारखे वाटते.

कागद अडवणे

आता सगळ्यात मोहाची जागा. त्याची डिजिटल सही आपल्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड आपल्या वहीत, आणि पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबरही आपलाच, कारण नोंदणीच्या दिवशी त्याच्या फोनला रेंज नव्हती. म्हणजे ओटीपी आपल्याकडे येतो. त्याचा धंदा अक्षरशः आपल्या खिशात वाजतो. वाटते, फी देईपर्यंत वाजू दे.

वाजू देऊ नये. 1872 च्या करार कायद्यात, कलम 170 मध्ये, आपल्या कष्टाने वस्तूत भर घातली असेल तर मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घ्यायचा हक्क कारागिराला दिला आहे. तिथे पहिले उदाहरण जवाहिऱ्याचे आहे. हिऱ्याला पैलू पाडून झाले, पैसे मिळेपर्यंत जवाहिऱ्या तो ठेवू शकतो. पण त्यालाच जोडून पुढे शिंप्याचे उदाहरण आहे: कोट शिवताना शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर मात्र कोट अडवता येणार नाही. आपण तर वर्षानुवर्षे उधारी दिलेले शिंपी. वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्टच सांगितले, की फी थकली म्हणून पक्षकाराची फाईल अडवता येत नाही. आपल्याला लोक वकीलसाहेब म्हणतात ते फुकट, पण निदान एवढ्यापुरते तरी नावाला जागावे.

कायदा बाजूला ठेवला तरी, एका महिन्याचे विवरणपत्र अडकले की त्याच्याकडून माल घेणाऱ्या संकेश्वरच्या दुकानदाराचे क्रेडिटही अडकते, आणि त्या दुकानदाराने आपले काहीच घोडे मारलेले नसते. म्हणून समोर बसवून मोबाइल नंबर आणि ईमेल बदलून घ्यावा, नवा पासवर्ड त्याच्या मुलीला टाकायला लावावा, डिजिटल सही पाकिटात घालून द्यावी. यादी करावी: अमुक फाईल, तमुक वह्या, गुणपत्रक एक. खाली पोच. या कामाला एक दुपार जाते. आमच्या मते सगळ्या विधीत हीच दुपार महत्त्वाची, बाकी मंत्र.

नव्या सल्लागाराचा फोन आला तर जे आहे ते सांगावे. कुठली नोटीस बाकी आहे, कुठल्या महिन्याचा मेळ लागत नाही. फीबद्दल विचारले तर तारीख सांगावी, विशेषण लावू नये. तो सल्लागार बहुधा आपल्याच वर्गातला असतो, आणि त्यानेही गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक सोडलेले असते. ते आपल्याकडे ‘‘तुमचं लई नाव ऐकलंय’’ म्हणत आलेले असते. या गावात गिऱ्हाईक नष्ट होत नाही, फक्त हस्तांतरित होते, आणि त्यावर कर नाही.

विधीनंतर

त्याच्या घरचे लग्न निघते. पत्रिका येते, तीही स्वतः घेऊन येतो. जावे. आहेर नेहमीएवढा करावा, कमी केला तर थकबाकी वळती केली असे होते आणि हिशेबाचा मेळ पुन्हा बिघडतो. पंगतीत तो आग्रहाने जिलेबी वाढेल आणि वाढता वाढता खिशातून मोबाइल काढून म्हणेल, ‘‘साहेब, ही नोटीस आलीया, जरा वाचून सांगा की.’’ नकार देऊ नये, चारचौघांत बरे दिसत नाही. लग्नाला जाताना चष्मा घरी ठेवून जावे.