नाना आणि नायट्रो

प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, जो आयुष्यात एकदाच काहीतरी करून येतो आणि उरलेलं आयुष्य ते सांगण्यात घालवतो. कुणी एकदा विमानात बसलेला असतो, कुणी मंत्रालयात साहेबाच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलेला असतो. आमच्या उमापूरचे नाना एकदा रोलर कोस्टरमध्ये बसलेत.

पुतण्या चाकणला कंपनीत. त्यानं नानांना खोपोलीजवळच्या इमॅजिकात नेलं. 2013 साली सुरू झालेलं हे पार्क. त्यातला नायट्रो म्हणजे 40 मीटर उंच लोखंडी चढ, ताशी 100 किलोमीटरच्या वर वेग आणि वाटेत 5 वेळा माणूस उलटा. पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय अधांतरी. बसून उतरायला मिनिटं मोजकीच लागतात. नानांना सांगायला तेवढी पुरत नाहीत.

नानांची जागा स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलातलं बाकडं. कुणी नुसतं विचारावं, "गेवराईची गाडी गेली का?"

"गाडीचं काय घेऊन बसलास! बिनड्रायव्हरची गाडी पाहिली का तू? ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, इंजिन नाही!"

गेवराईची गाडी तेवढ्यात निघून जाते.

उंची पहिल्या महिन्यात 40 मीटर होती. पोळ्याला ती 40 परस झाली. विहिरीचं माप असल्यानं लोकांना पटलंही. दिवाळीत 40 मजले झाले. गावातल्या गुरुजींनी एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. साखळी गाडीला वर ओढते. खटखट वाजतात त्या खिट्ट्या, गाडी मागं घसरू नये म्हणून. माथ्यावर साखळी सुटते आणि पुढं सगळा खेळ वजनाचा न् उताराचा. चाकं रुळाला वरून, खालून आणि बाजूनं अशी तिन्हीकडून धरून असतात, त्यामुळं उलटी झाली तरी गाडी रूळ सोडत नाही.

"म्हंजे पडायची सोयच नाही," नाना म्हणाले.

"मग भीती कशाची, नाना?"

"त्याचीच की! पडलं की सुटला माणूस. हितं पडतोय पडतोय म्हणायचं, आन् पडायचं नाही."

गुरुजींनी चहाचे पैसे दिले.

दर रंगपंचमीला मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेत नातवंडं आकाशपाळण्यासाठी हात ओढतात. नाना तटून उभे. "नायट्रोत बसलेल्या माणसानं पाळण्यात बसावं? लोक काय म्हणतील!" मग सगळ्यांच्या चपला आणि रेवड्यांच्या पिशव्या सांभाळत खाली उभे राहतात. पाळणा वर जायला लागला की त्यांची नजर मात्र पिशव्यांवरच असते.

या सगळ्या कथेला पुरावा एकच, एक फोटो. गाडी कोसळताना तिथला कॅमेरा आपोआप टिपतो तो. एसटीच्या सवलतीच्या कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात असतो. पिशवीची गाठ सुटेपर्यंत कुणी उठायचं नाही. फोटोत पुतण्या हात वर करून हसतोय. शेजारी नाना. टोपी आधीच काढून घेतलेली, त्यामुळं गावानं कधी न पाहिलेलं टक्कल. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही हातांनी धरलेला पुतण्याचा दंड.

"ह्यो मी हसताना," नाना सांगतात.

"अन् डोळे?"

"पापणी लवली. तेवढ्यात दाबलं त्यानं बटन."

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक पोरगं सुट्टीला आलं. बाकड्यावर बसून सहज बोलून गेलं, "नायट्रो ना? आम्ही तर लागोपाठ तीनदा बसलो." हॉटेलात शांतता. मालकानं स्टोव्ह बारीक केला. इतक्या दिवसांची गादी जाणार, असंच सगळ्यांना वाटलं.

नानांनी पोराला आपादमस्तक न्याहाळलं. "डोळे उघडे होते का मिटलेले?"

"उघडे! पूर्ण उघडे. सगळं दिसत होतं."

नानांनी बशीतला चहा शेवटपर्यंत ओढला, मिशी पुसली.

"मग त्यात काय! पुढं काय येतंय ते दिसत असल्यावर कुणीबी बसंल. डोळे मिटून बसायला छाती लागती."