काकूंच्या पावसाळी सँडल

गडग्यावर वाळत घातलेल्या गोधडीआडून काकूंचं डोकं वर आलं. "अगो, आहेस का? हे बघ, लेकीनं काय पाठवलंय!" हातात पांढरेशुभ्र, जाड तळव्याचे बूट. काकू सप्टेंबरात लेक-जावयाबरोबर बोटीनं निघाल्यात. भाऊच्या धक्क्यावरची लाँच नव्हे हो, भूमध्य समुद्रातली क्रूझ. नीस, दुब्रॉव्निक, मग ग्रीस.

"बोटीवर फिरायला ठीक आहेत," मी म्हटलं. "पण किनाऱ्यावर काय घालणार?"

"किनाऱ्यावर कसल्या चपला? वाळूत अनवाणीच चालायचं."

"वाळू आहे कुठे तिथे!"

शेंगा निवडायचं सूप घेऊन मी गडग्याला टेकले. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा मीही असंच समजत होते. नीसचा किनारा म्हणजे गोटेच गोटे. राखाडी, गुळगुळीत, लिंबापासून नारळापर्यंत सगळ्या मापांचे, नद्यांनी डोंगरांतून आणून टाकलेले. फोटोत काय छान दिसतात! आमच्या ह्यांनी पायात नेहमीची अंगठ्याची स्लीपर घातलेली. चार पावलांत तळ खोल होतो, आणि लाट मागे फिरली की पायाखालचे गोटे खडखडत तिच्याबरोबर निघतात. ह्यांचा पाय गोट्यांत रुतला, तो मोकळा झाला आणि स्लीपर निघाली इटलीच्या दिशेनं. उरलेली एक ह्यांनी रागानं कचऱ्यात टाकली आणि तापलेल्या गोट्यांवरून उड्या मारत वर आले. आजूबाजूच्या आज्या कौतुकानं बघत होत्या. त्या सगळ्यांच्या पायात बूट होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आपल्या खडपात आपण जातोच की कालवं काढायला," काकू म्हणाल्या.

जातो, पण ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब जातं, खडप उघडं पडतं, पाय कुठे टाकायचा ते दिसतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. तिथले दगड पाण्याखालीच राहतात, आणि उतरायचं ते त्यांच्यावरूनच. दुब्रॉव्निककडे तर खडकांच्या फटीत सी-अर्चिन बसलेले असतात. चेंडूएवढा काळा गोळा, साळिंदरासारखे काटे. पाणी स्वच्छ असलं तर दिसतात, नाही असं नाही, पण लाटेत तोल सावरताना खाली कोण बघतं? आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या एका बाईंच्या टाचेत काटे मोडले. बोटीवरच्या नर्सनं सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला आणि मग चिमट्यानं एकेक उपसला. काटा ठिसूळ, ओढला की आतच तुटतो. बाईंचं ग्रीस गॅलरीतूनच बघून झालं.

"मग कसली पायताणं घ्यायची ते सांग ना!"

त्याला वॉटर शूज म्हणतात. वर जाळीचं कापड, पाणी शिरतं तसं निघून जातं. बोटं झाकलेली, टाच पक्की. दुकानात पायाला चपखल बसले पाहिजेत, कारण भिजले की सैल पडतात. तळवा मात्र कागदासारखा पातळ नको, नाहीतर प्रत्येक गोटा मोजून होतो. मागे पट्टा असलेले फ्लोटर्सही चालतात, पण बोटं उघडी राहतात.

काकू मध्येच आत गेल्या आणि पावसाळ्यातल्या आपल्या भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या सँडल घेऊन आल्या. "ह्यात पाणी राहत नाही. टाचेला बक्कल आहे. बोटं झाकलेली. काय कमी आहे?"

मी हसले, पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं. असल्याच प्लास्टिकच्या सँडल 1946 साली फ्रान्समध्ये निघाल्या, युद्धानंतर चामड्याची टंचाई होती तेव्हा. पुढे तिकडच्या पोरांनी त्या घालूनच खडकाळ किनारे तुडवले. मेद्यूज म्हणतात त्यांना, म्हणजे जेलीफिश.

"बघ!" काकू फुशारल्या.

"बघू," म्हणत मी विहिरीकडे बोट दाखवलं. धुण्याच्या दगडाच्या पाणी सांडतं त्या कडेला हिरवं शेवाळ धरलं होतं. काकूंनी सँडल चढवल्या, रहाटाचा खांब धरला आणि पाऊल ठेवलं. सर्रकन पाय पुढे गेला. खांब होता म्हणून बरं. सँडल उलटी करून पाहिली तर तळवा सहाणेसारखा घासलेला. चार पावसाळे झाले म्हणे. तसंही शेवाळावर नव्या तळव्याचा फार भरवसा नाही. कालवंवाल्या बायका हिरवं टाळून खरबरीत जागीच पाय टाकतात, ते उगाच नव्हे.

"म्हणजे नवे वॉटर शूज घ्यायचे," काकू खांब न सोडता म्हणाल्या. "आणि आणल्यावर ह्याच दगडावर बघायचे. लेकीला आजच फोन करते."

"करा. आणि काकू, पाण्यात उतरताना बाकी काय घालायचं तेही विचारून घ्या. नऊवारीत पोहता येणार नाही."

काकूंनी गोधडीची घडी घालायला घेतली. "दूध उतू जातंय वाटतं माझं," म्हणाल्या आणि आत गेल्या.