नागरिकशास्त्राची शिकवणी कोण घेतं?

जबलपुरात राइट टाउनहून नेपियर टाउनपर्यंत एक फेरी मारा आणि भिंतींवरच्या पाट्या वाचा. फिजिक्स आहे, केमिस्ट्री आहे, जेईई आहे, नीट आहे. नागरिकशास्त्राची पाटी मला अजून दिसलेली नाही. १९५६ पासून मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय याच गावात आहे. देशातल्या सर्वांत बदनाम घटनात्मक खटल्याला याच गावाचं नाव आहे. तरी इथे मुलांना राज्यघटना शिकवणारा मास्तर शोधत फिरावं लागतं. ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती सरळ बोलायला हवी.

शोधायची वेळ आली अमेरिकेमुळे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या लेकीनं बारावीला ‘एपी युनायटेड स्टेट्स गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स’ घेतलंय. शाळेत शिकवतात, पण पातळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. बहीण फोनवर म्हणाली, “ताई, गणिताचे सर आम्हाला तिकडूनच ऑनलाइन मिळाले. याच्यासाठी पण बघ ना कुणी. तुमच्याकडे हायकोर्ट आहे, कुणीतरी असेलच.” मी चौकशी सुरू केली. एका क्लासच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मैडम, सिविक्स की भी कोई ट्यूशन होती है?”

त्या मुलाला बोल लावून उपयोग नाही. गिऱ्हाईक मागेल तेच दुकानात येतं, आणि आपण पालकांनी नागरिकशास्त्र कधी मागितलंच नाही. सीबीएसईच्या दहावीत सामाजिक शास्त्राचा पेपर ८० गुणांचा, त्यात राज्यशास्त्राचे २०. ते शेवटच्या आठवड्यात पाठ करायचे, ही आपल्या घराघरातली रीत. मुलगा गणितात अडला की आपण रात्री दहाला सरांना फोन लावतो. ‘संघराज्य’ म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिकडची परीक्षा कशी असते ते पाहा. ८० मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न. मग १०० मिनिटांत चार लेखी उत्तरं. त्यातलं एक उत्तर खटल्यांच्या तुलनेचं. अभ्यासक्रमात सर्वोच्च न्यायालयाचे १४ खटले नेमलेले आहेत. प्रश्नपत्रिकेत त्या यादीबाहेरचा एक खटला येतो, आणि दोन्ही निकालांत काय सारखं, काय वेगळं आणि का, हे विद्यार्थ्यानं मांडायचं. चौथ्या उत्तरात एक भूमिका घ्यायची, मूळ दस्तऐवजांचा आधार द्यायचा आणि विरुद्ध मताला उत्तरही द्यायचं. असे नऊ दस्तऐवज नेमलेले आहेत. अमेरिकी राज्यघटना त्यात आहेच, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्रही आहे. ज्याला दोन बाजू मांडता येत नाहीत तो इथे नापास होतो. पाठांतराचा जोर पहिल्या पानापर्यंतच.

म्हणून मास्तर शोधताना आपली पहिली चूक होते ती इथे. लोक मला स्पर्धा परीक्षांचे ‘पॉलिटी’वाले सर सुचवत होते. ते सर मेहनती आहेत, कलमांचे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. राज्यसेवेच्या परीक्षेला तेच लागतं. पण या मुलीला आकडा नको, वाद हवा. टिंकर खटला घ्या. डेमॉइन शहरातली १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेनं तिला घरी पाठवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. शिकवायला तास लागतो, कारण मास्तरानं मुख्याध्यापकांची बाजूही तेवढ्याच जोरानं मांडायला हवी.

आणि ज्याला हे जमतं, त्याला आपल्याकडचा खटला शेजारी ठेवताही येतो. केरळमधल्या तीन भावंडांनी धार्मिक श्रद्धेपोटी राष्ट्रगीत गायला नकार दिला. ती आदरानं उभी राहत, फक्त गात नसत. शाळेनं त्यांना काढून टाकलं. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं, आणि निकालपत्रात अमेरिकेतल्या अशाच खटल्यांची चर्चा केली. तसंच गिडियन. फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीनं अर्ज लिहून पाठवणाऱ्या या कैद्यामुळे, १९६३ पासून गंभीर गुन्ह्यात वकील परवडत नसेल तर तो सरकारनं द्यायचा, असं तिथे ठरलं. आपल्याकडे १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात कैद्याचा मोफत वकिलाचा हक्क मान्य झाला. दोन देश, दोन तुरुंग, मागणी एकच. हे कळलं की मुलीला गिडियन पाठ करावा लागत नाही.

आता आपल्या गावाच्या खटल्याकडे या. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत शुक्ल ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध होते. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेपासून संरक्षण) यांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क गोठवला होता. तरीही, ही अटक कायद्याला धरून आहे का एवढं तरी न्यायालय तपासू शकतं, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. आपलं जबलपूरचं त्यात होतं. प्रकरण दिल्लीला गेलं. न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवाद्यांना विचारलं : एखाद्या पोलिसानं वैरापोटी माणूस ठार केला, तर काही दाद आहे का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला तो सरकारच्या बाजूनं, चार विरुद्ध एक असा. तो एक म्हणजे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत एक मराठी न्यायमूर्ती होते, यशवंत चंद्रचूड. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाचा हक्क मान्य केला. त्या वेळी जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहून तो मोडीत काढणारे न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचेच चिरंजीव. त्याआधी १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येणार नाही, अशी तजवीज झालीच होती. ही सगळी साखळी जबलपूरच्या किती मुलांना ठाऊक आहे? तुमच्या घरातल्या नववीच्या मुलाला आज जेवताना विचारून बघा.

न्यू जर्सीच्या मुलीला याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. भरपूर उपयोग आहे. खन्नांनी आपल्या भिन्नमताच्या शेवटी आधार घेतला तो अमेरिकेचे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांचा : शेवटच्या न्यायालयातलं भिन्नमत हे पुढच्या काळाच्या शहाणपणाकडे केलेलं आवाहन असतं. त्याही मागे जा. १९४७ च्या अखेरीस आपले घटना सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेला गेले होते. तिथे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना ‘ड्यू प्रोसेस’च्या, म्हणजे न्याय्य कार्यपद्धतीच्या तरतुदीबद्दल सावध केलं. पुढे आपल्या कलम २१ मध्ये ते शब्द आले नाहीत, ‘कायद्यानं प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे, हे ठामपणे म्हणायला १९७८ चा मनेका गांधी खटला यावा लागला. जबलपूरच्या निकालातलं पाप अमेरिकेनंही युद्धकाळात केलं. जपानी वंशाच्या नागरिकांना घरादारातून हुसकणारा आदेश १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला. तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयानं म्हटलं २०१८ मध्ये. जबलपूर आणि कोरेमात्सू शेजारी ठेवून लिहिता आलं, तर त्या परीक्षेतला तुलनेचा प्रश्न तिला जड जाणार नाही.

मग मास्तर कुठे शोधायचा? हायकोर्टात. इथे शेकडो वकील रोज दोन्ही बाजू मांडतात. त्यातले कित्येक निवृत्तीला आलेले, वाचणारे, शिकवायची हौस असलेले आहेत. २०१८ पासून गावात धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथली मुलं खटल्यांवर वाद घालण्याचाच सराव करतात. कॉलेजांतून निवृत्त झालेले राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मला मिळाल्या त्या एक वकीलबाई. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेनुसार इथे पहाटेचे साडेपाच होतात. बाई त्या वेळी चहा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, आज तू शाळेची वकील, आणि टिंकर हरायला हवी. मुलगी चिडली, मग भांडली, मग वाचायला लागली.

तुम्हाला असा मास्तर हवा असेल, तर पदवी विचारण्याआधी दोन गोष्टी बघा. त्यांना म्हणा, एक निकाल घ्या आणि हरलेल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा सांगा. जमलं तर माणूस बरोबर आहे. मग बघा, ते मुलाच्या उत्तरात ‘कारण’ हा शब्द शोधतात की फक्त तारीख तपासतात. अमेरिकी पद्धतीचे तपशील चांगला वाचक महिन्याभरात पक्के करतो. वाद शिकवण्याची सवय मात्र महिन्याभरात लागत नाही.

आता जरा जोरात बोलते. परदेशातल्या पोरीला पाचपैकी पाच गुण मिळावेत म्हणून आपण पहाटे साडेपाचची शिकवणी लावतो, आणि घरातल्या पोराला मूलभूत हक्क ‘गाळलेल्या जागा भरा’त शिकवतो. हे थांबवा. या गावाकडे शिकवण्याजोगं खूप आहे. राज्यघटनेच्या उद्देशिकेचं पान नक्षीनं सजवणारे ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचे. संविधान सभेत बसलेले सेठ गोविंददास जबलपूरचे. जबलपूरनं निवडून दिलेल्या शरद यादव यांनी १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधात, मधू लिमये यांच्याबरोबर, तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला. मुदत संपलेल्या सभागृहात बसणं योग्य की अयोग्य, यावर दहावीचा वर्ग तासभर भांडू शकतो. त्याला क्लासची फी लागत नाही.

माझी मागणी एकच आहे, आणि ती शाळा, वकील संघ आणि पालक या तिघांकडे आहे. दरवर्षी २८ एप्रिलला जबलपूरच्या प्रत्येक शाळेत नववी ते बारावीच्या मुलांनी हा खटला उभा करावा. अर्ध्या वर्गानं सरकारची बाजू घ्यायची, अर्ध्यानं शुक्लांची. प्रत्येक शाळेला एक वकील तासभर द्यावा. पाच मुलांनी न्यायमूर्ती व्हावं आणि प्रत्येकानं आपला निकाल स्वतःच्या हातानं, कारणांसकट लिहावा. कोण जिंकलं याला गुण द्यायचे नाहीत. गुण फक्त कारणांना.